पोरीला खो द्या, तिच्या वाटेत खो घालू नका

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत अंबड तालुक्यातल्या एका गटाच्या सचिव ताईंनी केलेलं भाषण. बऱ्याच गटांनी मागणी केली म्हणून इथं देत आहोत.)



मला सांगितलं होतं, कर्ज आणि परतफेड यावर बोला. आमच्या गटाची परतफेड चांगली आहे, ते वहीत आहेच. आज मी अशा एका कर्जाचं सांगणार आहे, जे आम्ही दिलंच नाही.

गेल्या वर्षी पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गटातल्या एका बाईची लेक दहावीला होती. खो-खो खेळायची. शाळेचा संघ तालुक्याला जिंकला आणि जिल्ह्याच्या स्पर्धेला जालन्याला जायचं ठरलं. बूट, कपडे, दोन दिवसांचं खाणं, असे बाराशे रुपये तिच्या आईनं गटाकडं मागितले. इतिवृत्त मीच लिहिते. मी विचारलं, "कर्जाचं कारण काय लिहू?" ती म्हणाली, "खेळ लिहा ताई." सगळ्या हसल्या. मी पण हसले. मग कुणी म्हणालं, खेळून का पोट भरतं? कुणी म्हणालं, पोरगी पंधरा वर्षांची झाली, आता कशाला उड्या? अर्ज तसाच राहिला. त्याच सभेत एका घरच्या लग्नाच्या बस्त्याला आम्ही वीस हजार मंजूर केले. ते कारण लिहिताना कुणी हसलं नाही.

पोरगी जालन्याला गेली नाही. संघ तिच्याविना गेला आणि पहिल्याच सामन्यात हरून आला. पुढच्या सभेला तिची आई आली, बचतीचे पैसे ठेवले, सही केली. एक शब्द बोलली नाही.

मग जानेवारी आला. माझ्या पोरानं मोबाईल पुढं धरला. "आई, बघ, खो-खोचा वर्ल्डकप चालू आहे." मला वाटलं चेष्टा करतोय. पण खरंच होता. १३ ते १९ जानेवारी २०२५, दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. बायकांचे १९ देशांचे संघ आले होते. आपल्या पोरींनी पहिला सामना दक्षिण कोरियाशी खेळला आणि १७५ विरुद्ध १८ असा जिंकला. १९ तारखेला शेवटचा सामना नेपाळशी. ७८ विरुद्ध ४०. भारत जगात पहिला. आणि कर्णधार कोण? आपल्या महाराष्ट्राची, पुण्याकडची प्रियंका इंगळे.

त्या रात्री मला भाकर गोड लागली नाही. ती पोरगी डोळ्यासमोर येत होती.

तुम्ही म्हणाल, पुण्याच्या पोरींचं वेगळं असतं. म्हणून आपल्या मराठवाड्याचं सांगते. धाराशिवची सारिका काळे. तिचं नाव घरी जाऊन पोरींना सांगा. तिच्या वडिलांना शारीरिक अडचणीमुळं फार कमवता येत नव्हतं. आई शिवणकाम करायची. घर आजी-आजोबांच्या कमाईवर चालायचं. तिनं स्वतःच सांगितलंय की कित्येक वर्षं घरात एकच वेळचं जेवण मिळायचं. तेरा वर्षांची असताना काका तिला मैदानावर घेऊन गेले. तिथून ती जी पळाली, ती २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताची कर्णधार झाली आणि सुवर्णपदक घेऊन आली.

पण मधलं एक ऐका. त्याच २०१६ साली घरच्या तंगीपायी तिनं खेळ सोडायचं ठरवलं होतं. खोलीचं दार लावून बसली होती. तिचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातली, तेव्हा ती परत मैदानावर आली. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा ती तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून नोकरीला होती. आणि आता विश्वचषक जिंकलेल्या संघात त्याच धाराशिवची अश्विनी शिंदे आहे. खो-खोत असंच असतं बघा. एक पळते आणि दुसरीला खो देते.

मी विचार केला, सारिकाला त्या दिवशी कुणी समजावलं नसतं तर? आमच्या गावच्या पोरीला कुणीच समजावलं नाही. समजावायचं सोडा, आम्ही हसलो.

कुणी म्हणेल, आमच्या पोरींना कामं असतात. धुणं, भांडी, पाणी, धाकटं भावंड. कापूस वेचायला घरात माणूस लागतं. खरं आहे. मी पण घरच्या कामापायी आठवीतून बसले. पण जपानच्या बायांचं ऐका. १९६४ मध्ये टोकियोला ऑलिम्पिक झालं. बायकांचं व्हॉलीबॉल त्यात पहिल्यांदाच आलं होतं. जपानच्या संघातल्या बहुतेक पोरी एका सूतगिरणीत कामाला होत्या. दिवसा गिरणीचं काम, मग रात्री उशिरापर्यंत सराव. त्यांनी रशियाच्या बलाढ्य संघाला हरवून सुवर्णपदक घेतलं. कष्टकरी पोरी होत्या त्या, आपल्यासारख्याच. फरक एवढाच की त्यांच्या गिरणीनं त्यांना मैदान दिलं आणि खेळायला वेळ दिला.

आपल्या पोरींना कोण देणार? संध्याकाळी आमच्या शाळेच्या मैदानावर जाऊन बघा. एकीकडं पोरांचं व्हॉलीबॉल, दुसरीकडं क्रिकेट. पोरी कुठं आहेत? पोरी चुलीपुढं आहेत. खो-खोला तर बॅट लागत नाही, बॉल लागत नाही. दोन खांब, थोडी फक्की आणि घरातून मिळालेले दोन तास लागतात.

आता कामाचं बोलते. आपल्या दशसूत्रीत शिक्षण आहे, आरोग्य आहे. खेळात दोन्ही आलं. शाळेच्या स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात. वरच्या पातळीवर खेळलेल्या पोरींना नियमाप्रमाणं दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. कोणत्या पातळीला काय मिळतं हे शाळेच्या सरांना, नाहीतर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा. आणि प्रमाणपत्र मिळालं की जमिनीच्या कागदांसारखं जपून ठेवा.

आमच्या गटानं या वर्षी ठराव केला, तो सांगते. एक, अंतर्गत कर्जाच्या कारणात 'मुलीचा खेळ' हे कारण धरायचं. दोन हजारांपर्यंत, दहा हप्त्यांत, व्याज नेहमीचंच. दोन, स्पर्धेला पोरी बाहेरगावी गेल्या तर गटातली एक बाई सोबत जाईल. एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहेच. पोरीला एकटीला कसं पाठवू, ही आईची भीती खोटी नाही, म्हणून हा ठराव. तीन, खेळणाऱ्या पोरीच्या ताटाकडं लक्ष द्यायचं. मूठभर शेंगदाणे, गूळ, जमलं तर अंडं. घरात आधी पोरांना वाढायचं आणि उरलं तर पोरीला, हे बंद. पाळीच्या दिवसांत तिला खेळावं वाटलं तर खेळू द्यायचं, बसावं वाटलं तर बसू द्यायचं.

दोन हजार बुडाले तर? एका बाईनं विचारलं होतं. मी म्हटलं, बस्त्याचे वीस हजार फिटायला दोन वर्षं लागतील, तेव्हा कुणी विचारलं नाही.

शेवटचं सांगते. ठराव झाल्यावर मी त्या पोरीच्या घरी गेले. ती यंदा दहावी पास झाली. खेळ सुटला तो सुटलाच. मी तिच्या आईला म्हटलं, "माय, त्या दिवशी माझं चुकलं." ती बाई जात्यावर मूग भरडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मोठीचं राहिलं ताई. धाकटी सातवीत आहे. ती पण पळते." मग पोरीलाच हाक मारली आणि म्हणाली, "ये, ताईंना पाय दाखव, केवढे बूट लागतील ते बघतील त्या."

बहिणींनो, आपण 'खो' शब्द दोन तऱ्हेनं वापरतो. मैदानात खो दिला की बसलेली उठून पळते. घरात खो घातला की पळणारी बसते. आपल्या हातात दोन्ही आहेत. पुढच्या सभेत कुणाच्या लेकीचा अर्ज आला तर हसू नका. वही उघडा आणि कारण नीट लिहा.