भिंत पाच सूत बाहेर



संयोजकांनी मला संगणकावर बोलायला सांगितलंय. मी बोलणार आहे कपाटावर.

गिरगावातल्या आमच्या चाळीतल्या खोलीत आईसाठी कोपऱ्यात कपाट करायचं होतं. मी इंजिनीअर! लॅपटॉपवर मिलिमीटरमध्ये नकाशा काढला, एका दुकानात निम्मे पैसे आगाऊ भरले. दीड महिन्याने कपाट आलं आणि कोपऱ्यात बसेचना. "मॅडम, ड्रॉइंग तुमचंच," दुकानदार म्हणाला. खरंच होतं. चाळीचा कोपरा काटकोनात असणार, असं मी धरून चालले होते. (भूमितीच्या बाई, माफ करा.)

शेवटी लालबागचे एक सुतारकाका आले. ओळंबा सोडला, गुण्या लावला. "ताई, भिंत वरच्या अंगाला पाच सूत बाहेर आहे." आठ सुतांचा एक इंच, म्हणजे जवळजवळ सोळा मिलिमीटर. बाजूची फळी रंध्याने उतरती तासून त्यांनी कपाट भिंतीला चपखल बसवलं. पाठीमागे ओल धरू नये म्हणून बोटभर फटही सोडली.

मग आईकडे वळून म्हणाले, "वहिनी, हात वर करा बघू." आईचा हात कानापर्यंतच गेला. खांदा धरला होता, कितीतरी महिन्यांपासून. मी तिच्याशी रोज फोनवर बोलते, तरी मला पत्ता नव्हता. नकाशात वरचा कप्पा सहा फुटांवर होता. काकांनी हात पोचला तिथे पेन्सिलीने रेघ मारली आणि कप्पा तिथे उतरवला. दुसऱ्या दिवशी मी आईला डॉक्टरांकडे नेलं.

काकांचा नंबर हवा असेल त्यांनी चहाच्या वेळी भेटा. दिवाळीपर्यंत मात्र ते मोकळे नाहीत.