सखल रानात वेखंड: पाणी मात्र पारखून घ्या

(कबनूर, ता. हातकणंगले येथे शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



उसाला पाणी जास्त झाले की पहिल्यांदा सखल कोपरा बिघडतो. वरच्या रानाचा पाझर खाली उतरतो आणि तेवढ्या दोन-चार गुंठ्यांतला ऊस पिवळा पडतो. अशा जागेत घेता येईल असे एक औषधी पीक तुमच्या घरातच आहे. बाळगुटीच्या डबीतले वेखंड!

संस्कृतात हिला वचा म्हणतात. पाने तलवारीसारखी, चुरगळली की वास सुटतो. औषधात जाते ती जमिनीत आडवी वाढणारी कांडी. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातील कोरटगेरे भागात याची शेती होते. भातासारखी चिखलणी करून पावसाळ्याच्या सुरुवातीस डोळे असलेले कांडीचे तुकडे ३० × ३० सें.मी. अंतरावर लावावेत. आरंभी ५ सें.मी. पाणी ठेवावे, पुढे १० सें.मी.पर्यंत चालते. सहा-आठ महिन्यांनी पाने पिवळी पडून वाळू लागली की काढणीस यावे. कांड्या धुऊन, तुकडे करून वाळवाव्यात. मीठ फुटलेल्या रानात मात्र आधी माती तपासा, निचऱ्याचे बघा.

आता मुख्य गोष्ट. कापड प्रक्रियेचे आणि गटाराचे सांडपाणी मिसळून पंचगंगेचे काय झाले, हे तुम्हाला मी सांगायला नको. वेखंड घाण पाण्यातले जड धातू शोषून घेते. म्हणून तर सांडपाणी शुद्ध करण्यासाठीही ते लावतात. तिथे लावा, हरकत नाही. पण ती कांडी औषधाला विकायची नाही. औषधाचे वेखंड विहिरीच्या, तपासलेल्या पाण्यावरच घ्यावे.

भगिनींना आणखी एक सांगतो. आपल्याकडील वेखंडाच्या तेलात बीटा-अ‍ॅसॅरोन हे द्रव्य पुष्कळ असते. चाचण्यांत उंदरांच्या आतड्यात त्याने गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेने १९६८ साली खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी घातली. आयुर्वेदातही वचा शोधन करूनच पोटात देतात. तेव्हा तान्ह्या बाळाला उगाळून चाटवू नका. आजी रागावतील, रागावू द्या.

विक्रीचे आधी ठरवा. काष्ठौषधींच्या व्यापाऱ्याला किंवा औषध कारखान्याला माल कसा हवा ते विचारा. पहिल्या वर्षी दोन गुंठ्यांच्या वर जाऊ नका. पुढच्या लागणीचे बेणे त्यातूनच निघेल.