डेटा रेडीमेड मिळत नाही

(या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय आहे इंजिनिअरिंगचं शिक्षण, उद्योग आणि या दोघांच्या मधे उभं केलेलं नव्या तंत्रज्ञानाचं प्रशिक्षण. एआय, आयओटी, रोबोटिक्स, इंडस्ट्री ४.०... हे सगळे शब्द तुम्ही ऐकलेले आहेत. कॉलेजच्या गेटवरच्या फ्लेक्सवरही वाचले असतील.

माझ्याबद्दल थोडक्यात सांगतो. वीस वर्षं मी पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात मेंटेनन्समध्ये काढली. रात्री दोन वाजता फोन यायचा, "साहेब, लाइन बंद पडली," आणि मी निघायचो. आता काही वर्षं शिकवतोय. म्हणजे पुलाच्या दोन्ही बाजूंना मी राहिलोय. म्हणून आज दुसऱ्या कुणाला नावं न ठेवता माझ्या स्वतःच्या चुकीपासूनच सुरुवात करतो.

एक फोन

आमच्या कॉलेजात मी पाच दिवसांची एक कार्यशाळा घेतली होती. विषय होता 'एआयच्या मदतीने यंत्राचा बिघाड आधीच ओळखणे'. साठ मुलं होती. प्रोजेक्टर, लॅपटॉप, शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो. सगळं छान झालं. मुलांनी बेअरिंगच्या कंपनांचा डेटा घेतला, मॉडेल चालवलं, अचूकता नव्वदीच्या वर गेली. टाळ्या वाजल्या. मीही खूश.

वर्षभराने त्यातल्या एका मुलीचा फोन आला. लातूरकडची मुलगी, मेकॅनिकलची, हुशार. चाकणला एका कंपनीत मुलाखत होती. बायोडेटात आमच्या कार्यशाळेचं नाव होतं, म्हणून मुलाखत घेणाऱ्यांनी तिला सरळ शॉपमध्ये नेलं. एका चालू मोटरसमोर उभं केलं आणि विचारलं, "ही १४४० आरपीएमची मोटर. बेअरिंग जातंय का ते बघायचंय. सेन्सर कुठं लावशील? आणि सेकंदाला किती रीडिंग घेशील?"

तिला उत्तर देता आलं नाही.

मी म्हटलं, "अगं, पण आपण हेच तर केलं होतं ना?" ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, तुम्ही आम्हाला डेटा रेडीमेड दिला होता."

खरं होतं. फाइल मी इंटरनेटवरून उतरवून घेतली होती. स्वच्छ, नीट रकान्यांत मांडलेली. सेन्सर कुणीतरी आधीच योग्य जागी लावला होता, वेगही त्यानेच ठरवला होता. आम्ही फक्त शेवटचं बटण दाबलं. जेवण कुणी रांधलं ते माहीत नाही, आम्ही वाढायला शिकलो आणि स्वयंपाक येतो असं सर्टिफिकेट घेतलं.

तो प्रश्न नेमका काय होता?

हा प्रश्न जरा उलगडूनच सांगतो, कारण मुद्दा त्यातच आहे. आणि तो अवघड नाही बरं का.

१४४० आरपीएम म्हणजे मिनिटाला १४४० फेरे. साठने भागा, सेकंदाला २४ फेरे. आता समजा आत ६२०५ नंबरचं बेअरिंग आहे, अगदी सर्रास मिळणारं. त्यात ९ गोळ्या असतात. बाहेरच्या रिंगवर कुठं चरा पडला, तर जाणारी प्रत्येक गोळी तिथं ठेचकाळते. सेकंदाला किती वेळा? मेंटेनन्सवाल्यांचा एक अंगठेनियम आहे: गोळ्यांची संख्या गुणिले फेरे गुणिले ०.४. म्हणजे ९ गुणिले २४ गुणिले ०.४. साधारण ८६.

सेकंदाला ८६ ठोके. हे पकडायचे तर त्याच्या दुपटीहून जास्त वेगाने रीडिंग घ्यायला हवं, म्हणजे १७२च्या वर. प्रत्यक्षात याच्या कितीतरी पट घेतात, कारण सुरुवातीचा बारीक दोष वरच्या पट्टीत आधी दिसतो. पण समजा कुणी अंदाजाने सेकंदाला १०० रीडिंग ठेवली तर? तर ते ८६ ठोके तुम्हाला १४ म्हणून दिसतील. जुन्या सिनेमात टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं ना, तोच प्रकार. ग्राफ सुंदर येईल, एआय त्यावर मान डोलावेल, आणि सगळं साफ खोटं असेल.

आता सांगा, यात नवं तंत्रज्ञान किती? भागाकार शाळेतला. बेअरिंग मशीन डिझाइनमध्ये असतं. नमुना घेण्याचा नियम सिग्नलच्या विषयात असतो, आणि तो विषय मेकॅनिकलच्या मुलाला बहुतेक ठिकाणी नसतो किंवा ओझरता असतो. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या खोल्यांत शिकवल्या जातात. त्या एकत्र येतात फक्त चालू मोटरसमोर. आणि तिथंच आपण मुलांना उभं करत नाही.

दुसरी बाजूही ऐका

उद्योगवाले म्हणतात, "मुलांना काही येत नाही हो." ठीक. पण आपण त्यांना आत कसं घेतो? इंडस्ट्रियल व्हिजिट म्हणजे काय असतं? बस येते, सेफ्टीचं भाषण होतं, पिवळ्या रेषेच्या आतून चालायचं, कशाला हात लावायचा नाही, कँटीनमध्ये समोसा, गेटवर फोटो. इंटर्नशिपला आलेल्या मुलाला कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर एक्सेल भरायला बसवतात. मीही बसवलंय, खोटं कशाला बोलू? उत्पादनाचं टार्गेट डोक्यावर असताना पोराला शिकवायला वेळ कुणाला असतो?

पण आपल्याकडं हे नेहमी असंच होतं असं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये. तो माणूस वर्ग सोडून बेळगावला गेला, सायकलींच्या दुकानात शिरला, पुढं लोखंडी नांगर केला. त्या काळातलं ते नवंच तंत्रज्ञान. शेतकरी घेईनात, कारण लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत. नांगर चांगला असून भागलं नाही, तो वापरणाऱ्याची शंका फिटावी लागली. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, ती हे सगळं होऊन गेल्यावर. शिकवणारा माणूस वापरणाऱ्यापर्यंत चालत गेला, एवढंच मला यातून घ्यायचंय.

भोसरीतला शनिवार

त्या फोननंतर मी ठरवलं की पुढच्या वेळी फाइल द्यायची नाही. ओळखीचे एक लघुउद्योजक आहेत, भोसरीत त्यांचं छोटं मशीन शॉप आहे. त्यांना विचारलं, "तुमची एखादी नेहमीची कटकट द्या." ते म्हणाले, "कॉम्प्रेसरच्या मोटरचं बेअरिंग सारखं जातं. बदलून बदलून कंटाळलो."

शेवटच्या वर्षाची सहा मुलं घेतली. लातूरच्या त्या मुलीलाही विचारलं, ती म्हणाली, "सर, मी येते." एक सेमिस्टर, दर शनिवारी. सामान काय? एक ईएसपी-३२ बोर्ड आणि एडीएक्सएल-३४५ हा कंपन मोजणारा सेन्सर. दोन्ही मिळून हजार रुपयांच्या आत. हा सेन्सर सेकंदाला ३२०० पर्यंत रीडिंग देतो, म्हणजे आपल्या ८६ ठोक्यांना भरपूर झाला.

पहिले तीन शनिवार नुसता गोंधळ. ग्राफला ना शेंडा ना बुडखा. मुलं कोड तपासत बसली. चौथ्या शनिवारी तिथले एक जुने ऑपरेटर काका आले, थोडा वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "पोरांनो, तुम्ही पत्र्याचा आवाज मोजताय. बेअरिंग तिथं कुठंय?"

मुलांनी सेन्सर डबल टेपने मोटरच्या मागच्या पंख्याच्या जाळीवर चिकटवला होता! दिसायला सोयीची जागा. काकांनी स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक बेअरिंगच्या घरावर टेकवलं, मूठ कानाला लावली. "इथं ऐका." प्रत्येकाने ऐकलं. मग सेन्सर तिथं पक्का बसवला, आणि पहिल्यांदा ८६च्या आसपास एक उंचवटा दिसला. मुलांचे चेहरे बघायला हवे होते.

पण खरी गोष्ट पुढं आहे. बेअरिंग खराब होतंय हे कळलं. का होतंय? ते सेन्सरने सांगितलं नाही. ते त्या मुलीने विचारून काढलं. हेल्परशी बोलताना कळलं की बेल्ट किंचाळायला लागला की तो ताणून घट्ट करतो. दर वेळी आणखी थोडा. बेल्ट घसरत होता, कारण पुलीच्या खाचा झिजल्या होत्या. ताण वाढला की तो सगळा भार मोटरच्या पुढच्या बेअरिंगवर. बेअरिंग बिचारं मरणार नाही तर काय? पुली बदलली, नवा बेल्ट घातला, दोन्ही पुल्या एका रेषेत आणल्या. कटकट गेली.

म्हणजे शेवटी एआय लागलंच नाही. मालकांनी हसत विचारलं, "मग या सेन्सरचं काय करू?" मुलगी म्हणाली, "राहू द्या ना सर. बेल्ट पुन्हा कुणी जास्त ताणला तर आम्हाला कळेल तरी." त्या सेन्सरचं खरं काम तिला सापडलं होतं. मी ज्याला इनोव्हेशन म्हणेन ते एवढंच. अडचण आधी समजली, मग हत्याराला जागा मिळाली.

आता गंमत ऐका. त्या सहा मुलांच्या प्रोजेक्टच्या परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "यात एआय कुठे आहे? पुली बदलणं हा काय प्रोजेक्ट झाला?" मार्क कापले गेले. शेजारच्या गटाने रेडीमेड डेटावर मॉडेल चालवलं होतं, त्यांना जास्त मिळाले. मुलं माझ्याकडं बघत होती. मला त्यांच्याकडं बघवेना. आपण कशाला मार्क देतो, तेच मुलं शिकतात. हे जोवर बदलत नाही तोवर कितीही लॅब उभारा.

दारं उघडी आहेत

लोक म्हणतात, धोरण हवं. अहो, धोरणं आहेत. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे, आणि १९७३ च्या दुरुस्तीने पदवी-पदविकाधारकही त्यात आले. २०१९ च्या नियमांप्रमाणे तीस किंवा जास्त माणसं असतील तर शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक, चार ते एकोणतीस असतील तर ऐच्छिक. म्हणजे भोसरीतलं छोटं शॉपही घेऊ शकतं. पदवीधर शिकाऊ उमेदवाराच्या विद्यावेतनातला काही भाग सरकार देतं. २०१८ च्या एआयसीटीईच्या नमुना अभ्यासक्रमाने एकूण क्रेडिट १६० वर आणले आणि इंटर्नशिपला जागा केली. २०२२ मध्ये यूजीसीने 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' आणलं, म्हणजे पंधरा वर्षांचा अनुभव असलेला माणूस पीएचडी नसतानाही शिकवू शकतो.

दारं उघडी आहेत, उंबरा ओलांडायला माणसं नाहीत. सगळ्यात जास्त अडकलाय तो शिक्षक. आठवड्याचे तास, पेपर तपासणी, मूल्यांकन समितीच्या फाइली. त्याने कारखान्यात जायचं कधी? मुलांना ट्रेनिंग देण्याआधी महिन्यातला एक दिवस शिक्षकाला शॉपमध्ये द्या, आणि तो दिवस त्याच्या कामात धरा. रजा टाकून नाही.

मालकांना एक विनंती: मुलांना दौरा देऊ नका, एक कटकट द्या. तुमचा गुपित डेटा नको, एक नादुरुस्त मोटर पुरे. आणि तुमच्या त्या काकांना अर्धा तास मोकळं सोडा. ते निवृत्त झाले की तो कान पण जाणार आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, कोर्स जरूर करा, एनपीटीईएलवर उत्तम व्याख्यानं आहेत. फक्त प्रत्येक कोर्सनंतर स्वतःला विचारा: यातला एक तरी आकडा मी माझ्या हाताने मोजला का? गावाकडं विहिरीवर मोटर असेल ना? तिच्यापासून सुरू करा.

ती मुलगी सध्या एका कंपनीत शिकाऊ उमेदवार आहे. पगार बेताचा आहे, घरी शिक्षणाचं कर्ज आहे, कायम होईल की नाही ते अजून ठरायचंय. गोड शेवट सांगण्याची घाई मी करणार नाही. मागच्या महिन्यात तिने एक फोटो पाठवला. बेअरिंगच्या घरावर नीट बसवलेला सेन्सर. खाली लिहिलं होतं, "सर, जाळीवर नाही लावला."

यंदाच्या बॅचने पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, डेटासेट कधी देणार?" मी त्यांना स्क्रूड्रायव्हर दिला.

तुमच्या कॉलेजात, तुमच्या शॉपमध्ये काय चाललंय ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.