उरीयाच्या हातातले पत्र



दिल्लीच्या द्वारकेतल्या मराठी मेळाव्यात अध्यक्षाने बायबलमधल्या एका राजाची गोष्ट काढावी, हे काहींना आडवळणाचे वाटेल. पण दावीद राजा मराठीला परका नाही. १६१६ साली गोव्यात छापल्या गेलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चा पहिला भाग जुन्या कराराच्या कथेचा आहे, आणि ती कथा ओव्यांत सांगितली आहे. १८८० च्या सुमारास मुंबईतल्या बेने इस्राएल मंडळींनी कीर्तनाची आपली परंपरा जवळ केली आणि पूर्वजांची आख्याने मराठीत लावली. याच दिल्लीत हुमायून रोडवर १९५६ पासून ज्यूडा हायम सिनेगॉग उभे आहे, आणि तिथे येणाऱ्यांत बेने इस्राएल कुटुंबे आहेत. २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ‘सुबोध बायबल’ मराठीत आणणारे.

शिवाय दावीद स्वतः कवी. बायबलमधल्या निम्म्याच्या आसपास स्तोत्रांवर त्याचे नाव आहे. बेथलेहेमातल्या इशायाच्या आठ मुलांत धाकटा, मेंढरे राखणारा, गोफणीने गल्याथाला पाडणारा. शौल राजा त्याच्या जिवावर उठला होता. एकदा शौल गुहेत आला आणि दावीद आतच अंधारात लपलेला होता. सोबती म्हणाले, हीच वेळ आहे. दावीदाने फक्त राजाच्या झग्याचा काठ हळूच कापून घेतला, आणि तेवढ्यानेही त्याचे मन त्याला खाऊ लागले.

कापडाचा एक तुकडा कापला म्हणून ज्याचे काळीज चरकले, त्याच माणसाने पुढे काय केले हे शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात आहे.

वसंत ऋतू, राजांनी मोहिमेवर निघायचा काळ. सेनापती यवाब राब्बा शहराला, म्हणजे आजच्या अम्मानला, वेढा घालून बसला होता. दावीद मात्र यरुशलेमेतच राहिला. संध्याकाळी तो गच्चीवर फिरत होता, तेव्हा अंघोळ करणारी बथशेबा त्याला दिसली. ही उरीया हित्तीची बायको, हे त्याला सांगण्यात आले. उरीया आघाडीवर होता. तरी राजाने तिला आणवले. राजवाड्यातून माणसे दारात आल्यावर नाही म्हणायची सोय त्या काळी कुठल्या बाईला होती? या अध्यायात बथशेबेच्या तोंडी एकच वाक्य आहे, आपण गरोदर असल्याचा निरोप.

मग झाकपाक सुरू झाली. उरीयाला आघाडीवरून बोलावून घेतले, लढाईची विचारपूस केली आणि घरी जाऊन आराम कर म्हणून सांगितले. तो गेला नाही. राजवाड्याच्या दाराशी चाकरांबरोबर आडवा झाला. कराराचा कोश तंबूत आहे, सोबतचे शिपाई उघड्यावर आहेत, मग आपण घरात कसे झोपावे, असे त्याचे म्हणणे. दुसऱ्या दिवशी राजाने त्याला दारू पाजली. तरीही तो दाराशीच झोपला. परक्या वंशाचा हा शिपाई नशेतसुद्धा इमानाला जागला, आणि राजा शुद्धीवर असून चुकला.

तिसऱ्या सकाळी दावीदाने यवाबाला पत्र लिहिले. जिथे लढाई सर्वांत भयंकर असेल तिथे उरीयाला पुढे ठेवा, मग मागे सरा, म्हणजे तो मरेल, असा त्यातला मजकूर. ते पत्र पाठवले उरीयाच्याच हाती.

हा मेळावा लिहिणाऱ्यांचा आहे, म्हणून इथे थांबायला हवे. ज्या हाताने स्तोत्रे रचली, त्याच हाताने ही चिठ्ठी लिहिली. दावीदाने तलवारीला हातही लावला नाही.

मराठी माणसाला इथे दुसरे एक पत्र आठवणारच. राघोबादादांचे नाव दिल्लीशी जोडलेले आहे. १७५७ साली त्यांच्या फौजेने नजीबखानाला इथून हुसकावले आणि पुढच्याच वर्षी मराठे अटकेपर्यंत पोचले. असा मर्द गडी, आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात त्यांच्या अठरा वर्षांच्या पुतण्याचा, नारायणराव पेशव्यांचा, गारद्यांनी खून केला. राघोबादादांच्या पत्रातल्या ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले, ‘ध’चा ‘मा’ त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी केला, असे लोकपरंपरा सांगते. इतिहासकार ते सिद्ध मानत नाहीत, आणि सगळा दोष एका बाईच्या माथी मारताना आपणही जपले पाहिजे. राघोबादादांचे अंग या कटात होते, हे मात्र रामशास्त्री प्रभुण्यांच्या चौकशीत निघाले. प्रायश्चित्ताचा प्रश्न आला तेव्हा शास्त्रीबुवांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. खाडिलकरांनी १९०९ मध्ये ‘भाऊबंदकी’त ते रंगभूमीवर आणले, १९४४ मध्ये प्रभातने पडद्यावर.

दावीदाच्या दरबारातला रामशास्त्री म्हणजे नाथान संदेष्टा. तो कायदा घेऊन गेला नाही, गोष्ट घेऊन गेला. एका गरिबाची एकच कोकरी होती. त्याच्या ताटातले खायची, त्याच्या पेल्यातले प्यायची, त्याच्या कुशीत निजायची. शेजारच्या श्रीमंताकडे पाहुणा आला, आणि आपल्या शेकडो मेंढरांना हात न लावता त्याने ती कोकरी कापली. दावीद संतापला. असा माणूस मरणालाच लायक आहे, म्हणाला. तेव्हा नाथानाने बोट दाखवले ते दावीदाकडेच.

आधीचा राजा शौल याच्यावर अशीच वेळ आली होती. शमुवेल संदेष्ट्याने जाब विचारला, तेव्हा शौलाने दोष लोकांवर ढकलला, आणि शेवटी वडीलधाऱ्यांसमोर आपला मान राखा एवढीच गळ घातली. राघोबादादा पुढे इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि १७७५ मध्ये सुरतेचा तह करून बसले. दावीदाने मात्र कबुली दिली, एका वाक्यात, सबब न सांगता. नाथानाला त्याने हाकलले नाही. बथशेबेपासून झालेल्या त्याच्या एका मुलाचे नाव नाथान होते. ते संदेष्ट्यावरूनच ठेवले असे ग्रंथ म्हणत नाही, पण ते नाव त्या घरात रोज हाकेला होते, एवढे खरे.

कबुलीने सगळे निस्तरले असे मात्र कुणी समजू नये. दावीदाच्या मुलाने, अम्नोनाने, सावत्र बहिणीवर, तामारेवर, बलात्कार केला. दावीद रागावला आणि गप्प बसला. दोन वर्षांनी तिचा सख्खा भाऊ अबशालोम याने अम्नोनाला मारले, आणि पुढे बापावरच बंड केले. मुलाला जपा, असे राजाने सेनापतींना बजावले होते. यवाबाने झाडाला लटकलेल्या अबशालोमाच्या छातीत तीन भाले खुपसले. वेशीवरच्या खोलीत दावीद मुलाच्या नावाने टाहो फोडत होता. यवाब आत आला, त्याने राजाला खडसावले, आणि राजा मुकाट्याने उठून वेशीत जाऊन बसला. पुढे यवाबाचा निकाल लावायचे कामही त्याने मरताना बथशेबेच्या मुलावर, शलमोनावर, सोपवले. दावीदाला यवाबापुढे जोर का राहिला नाही, हे ग्रंथात सांगितलेले नाही. पण राजाच्या हातची ती चिठ्ठी यवाबाने वाचली होती. बेकायदा हुकूम जो निमूटपणे पाळतो, त्याच्यापुढे हुकूम देणाऱ्याची मान कायमची खाली जाते. फायलीवर न आलेला, नुसता फोनवर आलेला ‘वरचा आदेश’ ज्यांनी कधी ऐकला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आणि हे सगळे लिहून ठेवणारा कोण होता? त्याचे नाव कुणाला ठाऊक नाही. बायबलमध्ये याच राजांचा दुसरा इतिहासही आहे. ‘पहिला इतिहास’च्या विसाव्या अध्यायात राब्बाचा वेढा आहे, दावीद यरुशलेमेत राहिल्याचेही आहे, पण बथशेबा आणि उरीया तिथे नाहीत. त्या लेखकाने ते प्रकरण गाळले. पुढच्या पिढ्यांनी दोन्ही पुस्तके जपली, गाळणाऱ्याचे आणि न गाळणाऱ्याचे. ज्या वंशाला ते आपला मुकुट मानत, त्याच्या मूळपुरुषाचा गुन्हा ते मोठ्याने वाचत राहिले. मत्तयाने येशूची वंशावळ दिली, तिथेही शलमोनाच्या आईचे नाव नाही. ती उरीयाची बायको होती, असे तो नोंदवतो.

शमुवेलाच्या त्याच दुसऱ्या पुस्तकात, शेवटाकडे, दावीदाच्या शूर शिलेदारांची यादी आहे. कोणी सिंह मारला, कोणाचा हात तलवारीला चिकटून राहिला, अशी एकेकाची ख्याती सांगत ती पुढे सरकते आणि मग नुसती नावे उरतात. एकूण सदतीस. सर्वांत शेवटचे नाव उरीया हित्ती.