आधी पाणी, मग माड, मग मिरवेल

मुंबईची नोकरी संपवून गावी परतलेले अनेक चाकरमानी फंडातले पैसे पहिल्याच पावसात कलमांवर घालतात आणि पुढच्या मे महिन्यात ती वाळताना पाहतात. कोकणात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. म्हणून पहिला पावसाळा पाणी कुठून येतं, कुठे थांबतं हे पाहण्यात घालवा. उताराला आडवे चर आधी खणा, झाडं नंतर.

बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७८ साली ऑस्ट्रेलियात ‘पर्माकल्चर’ची कल्पना पुस्तकातून मांडली. आपल्या जुन्या आगरात वाढलेल्यांना ती परकी वाटू नये. वर माड, खाली पोफळ, केळ, खोडावर मिरवेल! साडेसात मीटर अंतरावर वीस गुंठ्यांत साधारण ३५ माड बसतात. ते लागते होईपर्यंत मधली केळी, अननस घरखर्चाला हात देतात. कडेला फणस, कोकम लावा. वाऱ्याला आडोसा होतो.

मिरवेलीची मात्र घाई नको. तिला आधार हवा, सावली हवी. माडाचं खोड वर येईपर्यंत ती पांगाऱ्यावर चढवा. लावायची ती झाडाच्या उत्तरेला, आणि बुंध्याशी पाणी साचू द्यायचं नाही. मुळं कुजली की भरली वेल बघता बघता वाळते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी घोस धरतात.

मार्चमध्ये गावोगाव पालापाचोळ्याचा धूर दिसतो, तेव्हा जीव हळहळतो. तो आळ्यात वीतभर पसरा, शिंपणं पुष्कळ कमी होईल.