कचेरीतली भाषा, सर्वांच्या मानाची

श्रोतेहो, कचेरीतली भाषा सर्वांना मान देणारी हवी.
बोलण्यातही, आणि लिहिण्यातही.

कोल्हापुरात ‘काय भावा’ ही आपुलकीची हाक.
कट्ट्यावर ती शोभते.
पण साहेबांना ‘अहो’ आणि वयाने मोठ्या शिपायाला ‘अरे’, ही काही आपुलकी नव्हे.
दोघांनाही ‘अहो’ म्हणावे.

आता लिहिण्याकडे वळू.

पत्त्यातूनही माणसाची जात पुकारली जाते.
म्हणून राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये एक निर्णय घेतला.
वस्त्यांची जातिवाचक नावे बदलायची.
त्याऐवजी समतानगर, शाहूनगर अशी नावे सुचवली गेली.
नोंदवहीत आणि पत्रावर हीच नवी नावे यायला हवीत.

जातीसारखेच बाईचे वैधव्यही पुकारले जाते.
शिरोळ तालुक्यातले हेरवाड आठवा.
मे २०२२ मध्ये या गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला.
पुढे राज्य शासनानेही इतर गावांना तसे आवाहन केले.

मग २०२३ मध्ये विधवांना ‘गंगा भागीरथी’ म्हणावे, असा विचार पुढे आला.
त्यावर बरीच टीका झाली, आणि ती रास्तच होती.
नाव पवित्र होते.
पण बाईची ओळख पुन्हा नवऱ्याच्या मृत्यूवरूनच ठरत होती.

बाई विधवा आहे का, ही माहिती कचेरीच्या पत्राला लागतच नाही.
‘श्रीमती’ आणि पुढे तिचे नाव, एवढे पुरते.
जिथे वारसाचा किंवा निवृत्तिवेतनाचा प्रश्न असेल,
तिथेच वैवाहिक स्थितीचा रकाना भरावा.

तर श्रोतेहो, मान सर्वांना सारखा.
बोलण्यातही, आणि लिहिण्यातही.