गाडीचा नंबर, आपला आधार

दिंद्रुडहून आम्ही बोलतोय. दसरा-दिवाळी झाली की आपल्या भागातून ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला निघतात. मागच्या हंगामात आमच्या गटातल्या एका मावशींना ट्रॉलीचा धक्का लागला, पाय मोडला. ट्रॅक्टर थांबलाच नाही. पोलिसांनी विचारलं, "गाडीचा नंबर काय?" आम्ही चौघीजणी तिथं होतो, पण एकीलाही सांगता आला नाही. तेव्हापासून आम्ही ठरवलं, हा नंबर नीट समजून घ्यायचा.

हा नंबर आला कुठून? १८९३ साली फ्रान्समध्ये पॅरिसच्या पोलिसांनी हुकूम काढला, की मोटारीवर मालकाचं नाव, पत्ता आणि परवान्याचा नंबर लिहिलेली पाटी पाहिजे. इंग्लंडमध्ये १ जानेवारी १९०४ पासून नंबर सक्तीचा झाला. आपल्या देशात १९१४ साली आणि पुन्हा १९३९ साली मोटारींचे कायदे झाले. म्हाताऱ्या माणसांना आठवत असेल, जुन्या गाड्यांवर 'एम'पासून सुरू होणारी तीन अक्षरं असायची. १ जुलै १९८९ला नवा कायदा लागू झाला आणि पुढं 'एमएच' आलं.

आता पाटी वाचू या. एमएच म्हणजे महाराष्ट्र. त्यापुढचे दोन अंक आरटीओचे : बीडचा २३, अंबाजोगाईचा ४४. मग एक-दोन अक्षरं आणि शेवटी गाडीचे चार अंक. पांढरी पाटी घरच्या गाडीची, पिवळी भाड्याच्या गाडीची, हिरवी विजेवरच्या गाडीची. ट्रॅक्टरला नंबर असतो तसा ट्रॉलीलाही लागतो. काही पोरं ४१४१ असं वळवून लिहितात, की 'दादा' वाचावं. हे कायद्यात बसत नाही. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना सरकारी पाटीच येते. तिच्यावर अशोकचक्राचा चमकता शिक्का असतो.

नंबर कळला तर काय होतं? गाडीचा मालक आणि विमा सापडतो, भरपाईचा दावा लावता येतो. गाडी सापडलीच नाही तर सरकारी योजनेतून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळतात, त्याहून जास्त नाही. घरातला कमावता हात गेला तर एवढ्यात किती दिवस निघणार?

दुसरी गोष्ट. गाडी विकली की कागदावरचं नाव बदलून घ्या. २०१८ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की आरटीओत ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी विकून टाकली असली तरी सुटका नाही. बचतगटाच्या कर्जातून घेतलेली गाडी असेल तर हे आधी बघा.

म्हणून एवढं करा. ऊसतोडीच्या गाडीत बसण्याआधी तिच्या पाटीचा फोटो काढून घरी पाठवा. फोन नसेल तर लेकराच्या वहीत लिहून ठेवा. अपघात झाला तर आधी जखमीकडं बघा, १०८ला फोन लावा. गाडी पळत असेल तर निदान शेवटचे चार अंक आणि पाटीचा रंग धरून ठेवा, ११२ला कळवा. इंग्रजी अक्षरं येत नसली तरी अंक आपल्याला येतात. बाजाराचा हिशोब रोज आपणच करतो ना!

आमच्या गटात आता प्रत्येक बैठकीला एकजण पाटी वाचून दाखवते. तुम्हीही सुरू करा.